शेवटी बोलणारी

फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्याच्या मंडईत कैऱ्यांवरून भांडत होते. बाई म्हणत होती कैऱ्या कच्च्या आहेत, मी म्हणत होते आतून पिकायला लागल्यात. मोबाइलवर इम्रानचं नाव दिसलं आणि तो काही बोलायच्या आत मी विचारून टाकलं, "काय रे, सकाळी किती वाजता निघताय? आणि तिला गाडीत पुढं बसव, मागं बसली की तिला मळमळतं." पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. मी "हॅलो, हॅलो" करत गर्दीतून बाहेर आले, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिले, तेव्हा तो म्हणाला, "विजूखाला... अम्मी नाही राहिली." मी म्हणाले, "अरे, पण तिला यायचं होतं ना इकडं." त्यावर तो पोरगा रडायलाच लागला. मागून कैऱ्यावाली पिशवी घेऊन आली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, पिशवी माझ्या हातात दिली आणि परत गेली.

रेहाना माझी मैत्रीण. विद्यापीठात एका बाकावर बसलो, तेव्हापासून चाळीसेक वर्षं याच शहरात एकमेकींच्या जिवावर काढली. शेवटची काही वर्षं ती पुण्याला मुलाकडं होती आणि आता परत येणार होती, कायमची. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले आहेत. भेटायला येणारे कमी झालेत, फोनही थांबलेत. मला मात्र अजून 'रेहाना होती' असं म्हणता येत नाही. 'रेहाना येणार होती' एवढंच तोंडात येतं.

आम्ही शिकलो तो विषयच मुळात लोकांना कळायचा नाही. व्यवस्थापन, संघटन, नेतृत्व, कर्मचारी संबंध, असं सगळं त्या विभागाच्या एकाच पाटीवर दाटीवाटीनं बसवलेलं होतं. मी सोयगावकडची, घरी शेती. प्रवेश घेतला तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, खरंच बुचकळ्यात पडले होते. "पुढारी व्हायचं शिक्षान असतं व्हय?" ते म्हणाले, "आपल्याकडं तर लोक न शिकताच व्हतेत. आन् तू शिकून पुढं करनार काय?" मला तरी कुठं ठाऊक होतं? रेहानाच्या अब्बांचं गुलमंडीवर कापडाचं दुकान होतं. त्यांचा प्रश्न आणखी सरळ होता. दुकानात चार माणसं कामाला आहेत, ती डिग्रीशिवाय सांभाळली जातात, मग डिग्री कशाला? दोन्ही बापांना पटेल असं उत्तर आम्हाला देता आलं नाही. पण दोघांनीही शेवटी जाऊ दिलं, एवढं खरं.

वर्गात मुली आम्ही दोघीच. त्यामुळं एका बाकावर बसणं हा काही निवडीचा प्रश्न नव्हता. पहिले काही दिवस ती एक शब्द बोलली नाही. मी आपली एकटीच सुरू. माझं गाव, आमची म्हैस, एसटीत झालेलं भांडण, वसतिगृहातली आमटी. मला वाटलं हिला मराठी येत नसावं, म्हणून मी सावकाश, एकेक शब्द तोडून बोलायला लागले. एक दिवस ती हसून म्हणाली, "मला येतं गं मराठी. तू श्वास घ्यायला थांबलीस की बोलायचं ठरवलं होतं." ते तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. त्यानंतर आमची रीतच पडून गेली. आधी मी बोलायचं, पोटातलं सगळं बाहेर काढायचं, आणि माझं संपलं की तिनं सुरू करायचं. तिचं बोलणं थोडंच असायचं, पण माझ्या सगळ्या बडबडीतला नेमका खुपणारा काटा तिला सापडलेला असायचा.

आमच्या सरांची शिकवायची एक पद्धत होती. दर आठवड्याला पाच-सहा जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमायचा आणि एखादा पेच सोडवायला द्यायचा. नियम एकच. म्होरक्यानं शेवटी बोलायचं. "साहेबानं आधी मत दिलं," सर म्हणायचे, "की खालची माणसं फक्त मान हलवतात. मग खरं काय ते साहेबाला मरेपर्यंत कळत नाही." माझी पाळी आली की मी पहिल्याच मिनिटाला निकाल देऊन मोकळी. सर कपाळावर हात मारायचे. रेहानाला मात्र ही पद्धत अशी भावली की जणू ती तिच्यासाठीच काढली होती. ती कोपऱ्यात बसायची, प्रत्येकाकडं बघायची आणि सगळ्यांचं झालं की विचारायची, "अजून कुणी राहिलंय का?" कुणीतरी राहिलेलं असायचंच. मग ते झालं की ती बोलायची.

एकदा सरांनी घरातल्या नेतृत्वाचं उदाहरण सांगायला लावलं. रेहानानं तिच्या दादीचं सांगितलं. पोलीस ॲक्शननंतरच्या, संस्थान भारतात विलीन झालं त्या दिवसांत त्यांच्या नात्यातली निम्मी घरं हैदराबादला निघाली, काही त्याच्याही पलीकडं. यांच्याही घरी दुकानावरच्या खोलीत पुरुषमंडळी बसली आणि जायचं ठरलं. पेट्या भरून झाल्या. दादीला कुणी विचारलंही नव्हतं. ती स्वयंपाकघरातून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जिसको जाना है जाओ. मेरे को नक्को. मेरा चूल्हा इधरीच जलेंगा." एवढं बोलून ती परत चुलीपाशी गेली. मग पेट्या उघडल्या. कुणीच गेलं नाही. मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा पुढं झुकून ऐकत होती. सर मात्र सर होते. म्हणाले, "छान गोष्ट आहे. पण याला नेतृत्व म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात." रेहानानं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मला सरांचा इतका राग आला की मी उठून वाद घातला. घरी जाताना ती मला म्हणाली, "सरांचं बरोबर आहे विजू. दादीचं नशीब चांगलं म्हणून निभावलं."

शिक्षण संपलं आणि आमचा वर्ग पांगला. एक जण सहकारी साखर कारखान्यात लागला, एक खरोखरच पुढारी झाला (दादांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, झाला का नाय एक तरी!"), एकानं फर्दापूरला हॉटेल काढलं आणि अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था बघू लागला. मी एका रुग्णालयाच्या प्रशासनात शिरले आणि तिथंच निवृत्त झाले. माझी पद्धत म्हणजे आधी ओरडायचं, मग ऐकायचं आणि नंतर माफी मागायची. त्यातही काम होतं बरं का, फक्त रक्तदाब वाढतो. रेहाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कर्मचारी विभागात लागली. त्या खुर्चीत बाई आणि तीही मुसलमान, हे पहिलं वर्षभर लोकांना पचलं नाही. पुढं तीच त्या विभागाची प्रमुख झाली. नंतरच्या काळात विद्यापीठातली मुलं तिला बोलवायची, आणि 'हा कोर्स करून पुढं काय?' हा आमच्या बापांचाच प्रश्न नव्यानं विचारायची. ती सांगायची, "काही नाही रे, लोकांचं ऐकून घेण्याचा पगार मिळतो." मुलं हसायची. तिनं ते अगदी मनापासून सांगितलेलं असायचं.

तिच्या या पद्धतीचा मला सगळ्यात आवडणारा किस्सा पोळ्याचा. कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत एक दिवस मोकळा होता. गावाकडून येणाऱ्या कामगारांना तो पोळ्याला हवा होता, शहरातल्या कितीतरी कामगारांना बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी. साहेब लोकांना वाटत होतं दोघांनाही देऊ नये, म्हणजे भांडणच नको. बैठक बसली आणि दोन्हीकडचे लोक रेहानाकडं डोळे लावून बसले. एकांना खात्री की ही आपल्या माणसांच्या बाजूनं बोलणार, दुसऱ्यांना भीती की हेच होणार. ती काही बोलेचना. एक जण तावातावानं म्हणाला, "मॅडम, पोळ्याला बैलापाशी नाय गेलो तर बाप घरात घेनार नाय मला." पलीकडून एक चाचा म्हणाले, "अरे भाऊ, तेरा बैल, मेरी ईद. मेरे घर में भी बाप हैच ना." कुणीतरी हसलं. रेहाना म्हणाली, "अजून कुणी राहिलंय का?" चहा आला, निवला, परत आला. शेवटी चाचाच म्हणाले, पोळ्याला आम्ही मशीन सांभाळतो, ईदच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सांभाळा, साहेबाची सुट्टी साहेबाला लखलाभ. सगळे उठले. बाहेर पडताना लोक एकमेकांना सांगत होते, मॅडमनं काय मिटवलं बघ! मी तिला म्हटलं, "अगं, तू तर तोंडसुद्धा उघडलं नाहीस." ती म्हणाली, "म्हणून तर मिटलं."

तिचं लग्न झालं, इम्रान झाला. तिचे मियाँ वीज मंडळात इंजिनिअर. शांत, विनोदी माणूस. मी लग्न केलं नाही. का नाही, ते लिहायची ही जागा नव्हे. आई होती तोवर घरात आवाज होता, ती गेल्यावर सिडकोतल्या माझ्या घरात मी आणि माझी बडबड एवढंच उरलं. तरी मला एकटं वाटायचं नाही, कारण रविवार होता. रविवारी सकाळी आम्ही दोघी विद्यापीठाच्या रस्त्यानं डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायचो. जाताना मी बोलायची, येताना ती. आमच्या विभागाच्या इमारतीपाशी पोचलो की पाळी बदलायची. कधी माझं संपलेलं नसलं तर ती तिथं थांबून राहायची, पण मध्ये तोंड घालायची नाही.

मियाँ गेले आणि ती उस्मानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. काही महिन्यांनी इम्रान, सून सायमा आणि छोटी इनाया पुण्याहून आले. गुलमंडीहून तिचे थोरले भाऊ, भाईजान, आले. मलाही बोलावलं होतं. विषय एकच, रेहानानं पुण्याला जावं की इथं राहावं. ती खिडकीपाशी बसली आणि तिच्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "प्रत्येकानं सांगा." मला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न आणि ही बाई बैठक चालवत होती! मी कुणाची वाट पाहिली नाही. मी म्हणाले, "जाऊ नको. इथं तुझं शहर आहे, तुझी माणसं आहेत, मी आहे. तिथं जाऊन बाल्कनीत बसशील." मग भाईजान बोलले. मुलाजवळ राहणं चांगलं, आजकाल विचारणारी मुलं कुठं मिळतात. सायमा म्हणाली, इनायाला दादी मिळेल. इम्रान म्हणाला, अम्मी जवळ असली की मला काळजी नाही. रेहानानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. "अजून कुणी राहिलंय का?" खोलीत बोलायची राहिलेली ती एकटीच होती. मग ती म्हणाली, "बहुतेकांचं मत जावं असं दिसतंय. जाऊ या मग."

"बहुतेकांचं?" मी जवळजवळ किंचाळले. "हा काय पंचायत समितीचा ठराव आहे? तुला काय वाटतं ते सांग ना!" ती हसली. मी तिला दादीची आठवण करून दिली. म्हटलं, ती दारात उभी राहून नक्को म्हणाली म्हणून तू या शहरात जन्मलीस. रेहाना म्हणाली, "दादीचा मुलगा पुण्यात नव्हता विजू." विषय संपला. त्या दिवशी मी चहा न घेता निघाले आणि रिक्षात बसून सरांना, त्यांच्या नियमाला, आमच्या डिग्रीला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

ती गेली. फ्लॅट भाड्यानं दिला. पहिले दोन-तीन रविवार मी एकटी चालायला गेले, पण येतानाचा रस्ता जाता जाईना. मग सोडून दिलं. रविवारी ती फोन करायची. मी तिला शहर सांगायची, कुठला रस्ता खणला, कुठलं दुकान बंद झालं, भाईजानचा गुडघा कसा आहे. माझं झालं की ती सांगायची, इनाया काय म्हणाली, सायमा किती करते, इम्रान कसा थकून येतो. सगळं चांगलंच होतं, कुणी तिला काही कमी केलं नाही. पण ती स्वतःविषयी काही सांगायची नाही, आणि मी खोदून विचारलं तर म्हणायची, "मी ठीक आहे गं. अकराव्या मजल्यावर कुणालाच काही होत नाही." एकदा बोलता बोलता म्हणाली, "इथं खाली चालायला गोल रस्ता केलाय. कितीही चाललं तरी कुठंच पोचत नाही." मी लगेच म्हटलं, ये परत. तिनं इनायाच्या शाळेचा विषय काढला.

आणि मग या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रविवार नसताना, भर दुपारी तिचा फोन आला. मी सवयीनं सुरू करणार तोच ती म्हणाली, "विजू, आज मी आधी बोलते. मध्ये बोलू नको." मी दचकलेच. ती म्हणाली, "मला परत यायचंय. कुणालाही विचारलेलं नाही. मेरे को नक्को अब इधर. फ्लॅटमधला भाडेकरू इतक्यात निघायचा नाही. तुझी वरची खोली रिकामी आहे ना?" मी म्हणाले, "हो." ती वाट बघत राहिली. "एवढंच? तुला बरं नाहीये का?" मी तोवर वरच्या खोलीची किल्ली शोधायलाही लागले होते. संध्याकाळी तिनं इम्रानलाही सांगून टाकलं. तोही नुसता "हौ अम्मी" म्हणाला. इनायाची परीक्षा झाली की निघायचं ठरलं.

मग माझ्या अंगात वारं संचारलं. वरची खोली म्हणजे आजवर अडगळ. मी ती रिकामी केली, रंग दिला, खिडकीला जाळी लावली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, कारण तिचेही गुडघे आता बोलायला लागले होते. पलंग नवा आणला, उंच, उठताना त्रास होऊ नये असा. तो खिडकीकडं डोकं करून लावला, हवा लागेल म्हणून, आणि स्वतःवर खूश होऊन खाली आले. अंथरुणावर पडले तेव्हा एकदम लक्षात आलं की असं झोपलं तर तिचे पाय पश्चिमेला होतील, किब्ल्याकडं, नमाजाला तोंड करतात त्या दिशेला. ते तिला कधीच चालायचं नाही, आणि ती मला सांगायचीही नाही. गुपचूप अंग दुमडून झोपेल किंवा खाली गादी टाकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर दिशा दाखवणारं ते यंत्र लावून खोलीभर फिरले, शेजारच्या दोन पोरांना बोलावून पलंग फिरवला, आणि नमाजासाठी पश्चिमेची बाजू मोकळी सोडली. तिथं आता कपाट मावेना, म्हणून कपाट माझ्या खोलीत आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या मनातलं ओळखलं होतं. ती आली की तिला हे सांगून पुरेपूर मिरवायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

ती यायच्या आदल्या दिवशी मी मंडईत गेले होते. तिला कैरी घातलेली आंबट डाळ लागायची. पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे.

हृदय बंद पडलं, सकाळी, बॅग भरून झाल्यावर. इम्राननं विचारलं, "खाला, तुमच्यासाठी थांबू का?" मी म्हणाले, "थांब." पण तिथं मोठी माणसं जमली होती, ऊन मरणाचं होतं, आणि त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. मी गाडी करून पोचले तेव्हा तिला नेलेलं होतं. घरात बायका बसल्या होत्या. सायमानं मला त्या खोलीत नेलं, दारापाशी बंद बॅग उभी होती. इनाया माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादी तुमच्याकडं येणार होती." मी म्हणाले, "हो गं." ती इथं आली असती आणि इथं गेली असती, तर तिच्या अम्मीजवळ, दादीजवळ झोपली असती. आता ती पुण्यात आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवून आता काय होणार?

चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर इम्रान आणि सायमा इथं आले, माझ्या घरी जेवायला. जेवण झाल्यावर इम्राननं ताटं उचलून आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "खाला, तुम्हाला एक सांगू? मला अम्मीला न्यायचंच नव्हतं. मीच इकडं यायचं बघत होतो, घरून काम करायची सोय होत होती. पण मला वाटलं अम्मीला इनायाजवळ राहायचंय, म्हणून बोललो नाही." सायमानं चमकून त्याच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "और मेरे को लगा तुमको चाहिए! मी तुमच्यासाठी हो म्हटलं." इम्राननं तिथूनच भाईजानना फोन लावला. ते म्हणाले, "अरे बेटा, मला वाटलं तुझं मन मोडू नये." मला आधी हसू फुटलं. सगळे हो म्हणतात आणि मनातून कुणालाच नको असतं, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं होतं. परीक्षेत प्रश्न आला होता, रेहानाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते. हसता हसता मी रडायला लागले, आणि मग आम्ही तिघंही रडलो.

तिची पद्धत चुकीची नव्हती, असं मला आता वाटतं. कारखान्यात ती शेवटी बोलायची तेव्हा समोरची माणसं स्वतःसाठी बोलत होती. त्यांना बैल हवा होता, ईद हवी होती. घरात मात्र प्रत्येक जण तिच्यासाठी बोलला. ज्यांची आपल्यावर माया असते ती माणसं आपल्याला खरं सांगत नाहीत, आपल्याला आवडेल ते सांगतात. तिथं आपणच आधी तोंड उघडायला लागतं. तिनं ते उघडलं, अगदी शेवटी का होईना, उघडलं. त्या दुपारच्या फोनवर मला अजून जगता येतं. तिचा रागही मला अजून येतो. इतकी माणसं हाताळली, आणि स्वतःला एक प्रश्न विचारायला एवढी वर्षं लावली?

जाताना इम्रान वर खोली बघायला गेला. पलंगाकडं बघून त्याला कळलं असावं, कारण त्यानं माझा हात धरला. ते गेल्यावर मी दार लावलं. हल्ली शेजारीपाजारी विचारतात, खोली भाड्यानं देणार का, कॉलेजच्या मुलींना जागा हवी असते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नाही म्हणते. कारण विचारलं तर कारण सांगत नाही.

संध्याकाळी मी चहा घेऊन वर जाते. खुर्चीत बसते आणि दिवसभराचं सगळं सांगून टाकते, मोठ्यानं. खालच्या नळाला पाणी कमी येतंय. भाईजान आता दुकानात येत नाहीत, मुलगाच बसतो. विद्यापीठाच्या रस्त्यावरची झाडं तोडलीत म्हणे, मी बघायला गेलेले नाही. बोलता बोलता बोलायचं संपतं. मग मी गप्प होते, कारण इतकी वर्षं माझं संपलं की तिचं सुरू व्हायचं. आता तिची पाळी असते. बाहेर अंधारून येतं, कपातला उरलेला चहा निवून जातो... पण मी मध्ये बोलत नाही.